राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे

पप्पांचा एक नियम होता. ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षअखेरच्या उपासनेला चर्चमध्ये जायचं, तर त्याआधी घरचा हिशोब लागलेला हवा. नाताळच्या करंज्या-चकल्यांचे डबे नातेवाइकांकडून परत यायला लागले की ते लाल कव्हरची वही काढायचे, चष्मा पुसायचे आणि आईला हाक मारायचे. कुणाचं देणं, कुणाकडून येणं, पतपेढीचे हप्ते, वाण्याची उधारी. शेवटी एक रेघ ओढून वही बंद. मग इस्त्रीचे कपडे आणि कल्याणला जाणारी लोकल.

पप्पा २०२१ मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षं ती वही कुणी उघडली नाही. पप्पांचं अक्षर बघायची हिंमत नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे माझा स्वतःचा हिशोब बघायची हिंमत नव्हती. त्याबद्दल पुढे सांगतो.

२०२३ च्या डिसेंबरात मात्र मी ठरवलं, या वर्षी घर लावायचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या डेटातल्या चुका शोधतो आणि स्वतःच्या घरात किती पैसे येतात, किती जातात, हे मला धड सांगता येत नव्हतं. नाताळच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन बसलो. खडवलीत आमचा वन बीएचके आहे. कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमधून आम्ही २०१८ साली इथे आलो, कारण आमच्या बजेटमध्ये टिटवाळ्याच्या पुढेच घर बसत होतं. रविवारी भातसा नदीवर येणाऱ्या पोरांचे स्पीकर सोडले, तर इथे शांतता असते. त्या शांततेत मी स्प्रेडशीट बनवली. एका बाजूला देणं, दुसऱ्या बाजूला येणं. मग लाल वही उघडली आणि जुन्या नोंदी एकेक करून शीटमध्ये टाकायला लागलो.

'येणं' या कॉलममध्ये एकच मोठी रक्कम होती. काका, ७५,०००, जून २०१६.

हे पप्पांचे चुलतभाऊ. त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी पप्पांनी त्यांना पैसे दिले होते. मला तो जून नीट आठवतो, कारण त्याच जूनमध्ये माझ्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची फी भरायची होती आणि ती भरायला पप्पांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं. म्हणजे घरातले पैसे काकांकडे गेले आणि आमच्यासाठी व्याजाचे पैसे आले. ते हप्ते २०२० पर्यंत चालले. विसाव्या वर्षी मला याचा राग होता. सत्ताविसाव्या वर्षीही होता, फक्त मी त्याचं नाव बदलून 'प्रॅक्टिकल असणं' असं ठेवलं होतं.

काकांनी पैसे परत दिले नाहीत. पप्पांनी मागितले नाहीत. हळूहळू काका चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागले. उपासना संपली की चहाला न थांबता निघायचे. पप्पांच्या मातीला आले, तेव्हाही लांब उभे होते.

मी त्या ओळीकडे थोडा वेळ बघत बसलो. साडेसात वर्षं जुनी रक्कम, हातची चिठ्ठीही नाही. हे पैसे येणार नाहीत. मग नाताळचा आठवडा चालू आहे, आपण ख्रिस्ती माणसं आहोत, असा विचार करून ती ओळ सिलेक्ट केली आणि डिलीट केली. खरं सांगतो, छान वाटलं. एकदम मोठं झाल्यासारखं.

स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणालो, "काकांचे पंच्याहत्तर मी माफ करून टाकले."

आई भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, "त्यांना सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? आपण सोडून दिले, विषय संपला."

"आणि ते पैसे तुझे होते का?"

या दोन प्रश्नांवर मी अजून विचार करतो आहे. हा लेख त्यातूनच आलाय.

*

पहिला प्रश्न आधी घेतो. त्यांना सांगितलंस का?

बँकिंगमध्ये एक गोष्ट आहे, जिच्यावरून दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर भांडणं होतात. बँका मोठमोठी कर्जं 'राइट-ऑफ' करतात आणि आपल्याला वाटतं कर्ज माफ झालं. तसं नसतं. राइट-ऑफ म्हणजे बँकेने स्वतःच्या ताळेबंदातून ती रक्कम काढून टाकली, कारण ती येण्याची आशा उरलेली नाही आणि पुस्तकं स्वच्छ दिसायला हवीत. कर्जदार मात्र अजूनही कर्जदारच असतो. वसुलीची कारवाई चालू राहू शकते, तारण विकता येतं. माफी ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतच्या आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जासाठी योजना आणल्या, तेव्हा शेतकऱ्यांच्या याद्या झाल्या, रकमा ठरल्या, कुणाचं किती सुटलं हे त्या माणसाला कळलं. योजनेत कितीही घोळ असोत, माफीचा तो किमान आकार आहे. ज्याला माफ केलं, त्याला ते कळायला हवं.

मी जे केलं, ते राइट-ऑफ होतं. माझी शीट स्वच्छ दिसावी म्हणून मी ओळ काढली. काकांच्या आयुष्यात त्याने काहीही बदललं नाही. ते पुढच्या रविवारीही मागच्याच बाकावर बसणार होते. आणि मीही बदललो नव्हतो. उद्या त्यांच्या मुलीने नवी स्कूटर घेतली असती, तर माझ्या मनात पहिला विचार आला असता, 'आमचे पंच्याहत्तर हजार दे आधी.' ओळ डिलीट झाली होती, बॅकअप माझ्याकडे होता.

आपल्या घराघरांत हे चालतं. 'जाऊ दे, सोड' असं म्हणून आपण पैसे सोडतो आणि माणसाला सोडत नाही. लग्नात आहेर देताना तो आकडा आठवतो. भांडणात तो नेमका तोंडातून निघतो. वसूलही केलेलं नाही आणि माफही केलेलं नाही, असं कर्ज म्हणजे एक दोरी असते. तिचं एक टोक आपल्या हातात असतं आणि आपल्याला वाटत असतं की आपण उदार आहोत.

*

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा होता. ते पैसे तुझे होते का?

आईने त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा सांगितलं की पंच्याहत्तरमधले चाळीस हजार तिचे होते. ती वीस वर्षं घरी ब्लाऊज शिवते. कल्याणला असताना बायकांची एक भिशी होती. तिचा नंबर त्या वर्षी लागला, वर थोडे शिवणाचे साठलेले. त्या पैशांतून तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. पप्पांनी विचारलं, तिने दिले. वहीत मात्र नोंद पप्पांच्या अक्षरात, एकच आकडा. तिचे चाळीस हजार त्यात विरघळून गेले होते.

मी सात वर्षं रागावलो होतो की 'माझ्या' फीचे पैसे गेले. मग एका दुपारी उदार होऊन जे सोडून दिलं, ते निम्म्याहून जास्त आईच्या शिवणाचं होतं. राग आणि उदारपणा, दोन्ही मी तिच्या पैशांवर केले होते.

मराठी ख्रिस्ती माणसाला इथे एक घर आठवल्याशिवाय राहत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या वाटेने तिथे पोचल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी छापून आली. टिळक मोठे कवी, मनाने राजे. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. कुणी दारात आलं की असेल ते देऊन मोकळे. १९१७ साली तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. आपण हे ऐकतो आणि म्हणतो, काय माणूस! मीही तेच म्हणायचो. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना दुसरी बाजू दिसते. टिळक देत होते, तेव्हा उद्याची चूल कशी पेटणार, हे बघणारं माणूस आत बसलेलं होतं. लक्ष्मीबाई हे रडत सांगत नाहीत, हसत सांगतात, म्हणून आपल्या ते पटकन लक्षात येत नाही. त्यांनीही पुढे आयुष्यभर दिलंच, दुसऱ्यांची मुलं घरात वाढवली. पण त्यांच्या देण्यात आणि टिळकांच्या देण्यात मला एक फरक वाटतो. त्यांना किंमत माहीत होती, कारण ती त्यांनीच मोजलेली होती.

टिळकांना कमी लेखायचं नाही. त्यांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही. पण देणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. मी देतोय, त्याची झळ कुणाला बसणार आहे आणि त्या माणसाला मी विचारलंय का? शुभवर्तमानात येशूही हे बोलतो. आईवडिलांसाठी जे खर्च करायचं, ते 'देवाला वाहिलं' म्हणून हात वर करणाऱ्या धार्मिक लोकांना तो चांगलंच सुनावतो. देवाच्या नावानेसुद्धा दुसऱ्याचा हक्क देऊन टाकता येत नाही.

*

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी मत्तयच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय उघडला. निर्दय चाकराचा दाखला बहुतेकांना माहीत असेल. राजा हिशोब घ्यायला बसतो. एका चाकराकडे दहा हजार तालांत येणं निघतं. तो पाया पडतो, राजा सगळं सोडतो. तो चाकर बाहेर पडतो, त्याला शंभर दीनार देणं असलेला एक सोबती भेटतो आणि हा त्याचा गळा धरतो.

लहानपणापासून मी हे ऐकलंय. आकडे कधी मांडले नव्हते. त्या रात्री मांडले. दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं, तर दोन लाख वर्षं. ही रक्कम कुणी फेडू शकत नाही. येशूने मुद्दामच अशक्य आकडा घेतलाय.

पण मी अडकलो दुसऱ्या आकड्यावर. शंभर दीनार. प्रवचनात याला नेहमी 'क्षुल्लक रक्कम' म्हणतात. क्षुल्लक कुठे? शंभर दिवसांची मजुरी आहे ती. आजच्या नाक्यावरच्या मजुराचे दिवसाला ७०० रुपये धरले, तर ७०,००० होतात. जवळपास काकांची रक्कम. ज्याचे शंभर दिवसांचे कष्ट कुणाकडे अडकलेत, त्याला ते टोचणारच. दाखला असं म्हणत नाही की तुझं येणं खोटं आहे. तो म्हणतो, तुझं येणं खरं आहे, आकडा लिही. पण त्याच पानावर तुला जे सोडलं गेलंय, तेही लिही आणि मग दोन्ही आकडे एकत्र बघ.

दाखल्याची सुरुवात मला तोवर कधी दिसलीच नव्हती. राजा माफी देत नाही आधी, हिशोब घेतो. चाकराला समोर बोलावतो, आकडा निघतो, चाकर स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि मग माफी होते. न मोजता सोडणं ही माफी नाही, तो कंटाळा आहे. किंवा अहंकार. माझ्या बाबतीत दोन्ही होते.

आम्ही मराठी प्रोटेस्टंट लोक दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणतो. तिच्यात क्षमेच्या जागी आलेला शब्द 'ऋण' आहे. आमची ऋणं सोड, जशी आम्ही आमच्या ऋणकऱ्यांची सोडली, अशा अर्थाचं ते मागणं आहे. मत्तयमधला मूळ ग्रीक शब्दही देण्याघेण्यातलाच आहे. येशू जी अरामी भाषा बोलत असे, तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालतो. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे शब्द आपल्या कानावर कायम असतात. आपण जन्मतःच कुणाचं तरी देणं लागतो, ही भावना या मातीत जुनी आहे. ख्रिस्ती प्रार्थना तिला पुढचा प्रश्न विचारते. तू देणं लागतोस हे मान्य, पण तुझं देणं लागणाऱ्यांचं तू काय केलंस?

मी ही प्रार्थना हजारदा तरी म्हटली असेल. तिच्यातल्या ऋणकऱ्याला चेहरा असतो आणि तो मागच्या बाकावर बसलेला असतो, हे लक्षात यायला एक स्प्रेडशीट लागली.

*

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणालो, कायद्याने तसेही आपण काही करू शकत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दिलेल्या पैशांसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. २०१६ चे पैसे २०१९ मध्येच कोर्टाच्या बाहेर गेले. आई म्हणाली, "कोर्टात कोण चाललंय?"

पण याच कायद्याच्या जगात एक सुंदर गोष्ट आहे. मुदत संपली, तरी देणं मरत नाही, फक्त कोर्टाचा दरवाजा बंद होतो. १८७२ च्या करार कायद्याचं पंचविसावं कलम सांगतं की मुदत संपलेलं कर्ज फेडण्याचं वचन कर्जदाराने स्वतः लिहून, सही करून दिलं, तर तो नवा, वैध करार होतो. म्हणजे मेलेल्या कर्जात जीव घालण्याची ताकद सावकाराकडे नाही, कर्जदाराच्या शब्दात आहे. ब्रिटिशांच्या काळातल्या एका कोरड्या कलमाने कर्जदाराच्या प्रतिष्ठेला एवढी जागा ठेवली आहे. आम्ही काकांना ती दिली नव्हती. सात वर्षं आम्ही त्यांना काही विचारलंच नव्हतं.

आई म्हणाली, "भाऊजींना चहाला बोलाव."

"काय म्हणून बोलावू?"

"हिशोबाला बोलाव. ह्यांच्या वेळेला बोलवायचं राहून गेलं."

३० डिसेंबरला, शनिवारी संध्याकाळी काका आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा बॉक्स. पाच मिनिटं कसारा लोकलच्या गर्दीवर बोललो. मग आईने लाल वही टीपॉयवर ठेवली आणि ती ओळ उघडली. काकांनी ती वाचली. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, ह्यातले दहा दिलेत मी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वहीत तशी नोंद नव्हती. पप्पा एकेक रुपया लिहायचे.

"नोटबंदीत," काका म्हणाले. "पाचशेच्या वीस नोटा. दादाने घेतल्या. म्हणाला, बँकेत मीच भरतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "रांगेत मी उभी होते."

नोव्हेंबर २०१६ मध्ये पप्पांनी तिला नोटा देऊन बँकेत पाठवलं होतं. साडेतीन तास रांगेत उभं राहिल्याचं तिच्या लक्षात होतं. त्या नोटा कुणाच्या, हे तिने विचारलं नव्हतं आणि त्या गोंधळात पप्पांनी लिहिलं नव्हतं. पुरावा कुणाकडेच नव्हता. एका बाजूला काकांचा शब्द, दुसऱ्या बाजूला आईच्या दुखलेल्या पायांची आठवण. आईने पेन उचललं आणि वहीत पप्पांच्या अक्षराखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, '१०,००० मिळाले'.

माझ्या हातून डिलीट झालेली ओळ मुळात चुकीची होती. त्याच चुकीच्या आकड्यावर मी सात वर्षं रागावलो होतो.

इतिहासात हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली आणि कर्जरोखे जाळले. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. माझे आजोबा नगरकडचे, त्यामुळे दख्खनच्या दंग्यांबद्दल मी शाळेतच कान टवकारून ऐकलं होतं. शेतकऱ्यांचा राग नुसता कर्जावर नव्हता, कागदावरही होता. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्यावर उभा असलेला, एकाच बाजूने लिहिलेला हिशोब. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. त्यात न्यायाधीशांना नुसता रोखा बघून निकाल न देता व्यवहाराचा इतिहास तपासायला सांगितलं आणि सावकाराने पावती व हिशोबाचा उतारा द्यायला हवा, असं ठरलं. हिशोब दोघांचा असतो, एवढी साधी गोष्ट कळायला आधी कागद जळावे लागले.

आमच्या टीपॉयवर काही जळलं नाही. पण वही एकाच बाजूची होती, हे खरं.

*

उरले पासष्ट हजार. आईने माझ्याकडे बघितलं. "चाळीस माझे. पंचवीस ह्यांचे, म्हणजे आता तुझे-माझे. त्याचं काय करायचं, तू सांग."

काकांच्या समोर. मी शीटमधली ओळ एकट्याने, एका क्लिकवर काढली होती. आता त्या माणसाच्या डोळ्यांत बघून आकडा उच्चारायचा होता. खूप जड गेलं. पंचवीस हजार ही माझ्यासाठी त्या महिन्यात छोटी रक्कम नव्हती. मी म्हणालो, "काका, पप्पांचे पंचवीस हजार सोडले. परत कधी विषय निघणार नाही." आवाज कापरा आला. तेव्हा मला कळलं, माफी म्हणजे काय ते. काहीतरी खरंच आपल्या हातातून जातं.

काका काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून बसले.

मग आई म्हणाली, "माझे चाळीस मला पाहिजेत. मशीन घ्यायचंय."

"दोन हजार महिन्याला देतो, वहिनी."

"हजारच सांगा. पण द्या."

मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो, कारण यात आईने काहीही 'मोठं' केलं नाही. सगळं माफ करून ती संत झाली असती आणि काका आयुष्यभरासाठी तिच्यासमोर लहान झाले असते. तिने स्वतःचे पैसे मागितले. झेपेल असा हप्ता ठरवून तिने काकांना सांगितलं की तुम्ही अजून शब्द पाळणारे माणूस आहात. कधी सोडणं म्हणजे प्रेम असतं आणि कधी मागणं म्हणजे आदर असतो. कुठे काय, हे मोजल्याशिवाय आणि समोर बसल्याशिवाय कळत नाही.

आता एक शंका, जी तुमच्याही मनात असेल. असं माफ करत गेलो, तर लोक डोक्यावर बसतील. ही शंका फार जुनी आहे. अनुवादाच्या पुस्तकात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याची आज्ञा आहे आणि लगेच पुढे ताकीद आहे की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नका. म्हणजे लोक नाकारणार, हे तेव्हाही माहीत होतं. पुढे तसंच झालं आणि हिल्लेल नावाच्या यहुदी धर्मगुरूला कर्ज कोर्टाकडे सोपवून ते सातव्या वर्षी बुडणार नाही, अशी तोड काढावी लागली, नाहीतर गरिबांना कुणी पैसेच देईना. त्यामुळे 'सगळं सोडा' हा सोपा उपदेश मला करायचा नाही. जो फसवायलाच आला होता, त्याला पुन्हा पैसे द्यायची गरज नाही. माफ करणं आणि पुन्हा उधार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपल्या आसपासचे बहुतेक 'बुडवे' लोक फसवे नसतात. ते लाजलेले असतात. लाजलेला माणूस तोंड चुकवतो आणि आपण तोंड चुकवण्याला बेइमानी समजतो.

*

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकतो, कारण मीही तेच करत होतो.

काका गेल्यावर आईने विचारलं, "तुझ्या कंप्युटरात तुझं देणं लिहिलंस?"

होम लोन लिहिलं होतं. क्रेडिट कार्ड नव्हतं लिहिलं. कार्डावर ५२,००० रुपये थकलेले होते. फोन, मित्राच्या लग्नाची गोव्याची ट्रिप आणि कशाकशाचं ते आता सांगताही येणार नाही. दर महिन्याला मी फक्त मिनिमम ड्यू भरत होतो. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,८२० रुपये. मी भरायचो २,६००. म्हणजे मुद्दल कमी व्हायचं ७८० रुपयांनी. आणि त्याच वेळी माझी ८०,००० ची एफडी सात टक्क्यांवर पडून होती, कारण एफडी असली की सेफ वाटतं. वर्षाला बेचाळीस टक्के देत होतो आणि सात टक्के कमावत होतो. गणितात मला कायम चांगले मार्क होते.

आईला मी वर्षभर हे सांगितलं नव्हतं. बँकेचा फोन आला की गॅलरीत जायचो. काका मागच्या बाकावर बसायचे, मी गॅलरीत जायचो.

त्या रात्री सांगितलं. आई चिडली, पाच मिनिटं. मग म्हणाली, एफडी मोड. १ जानेवारीला मोडली, कार्ड शून्यावर आणलं. उरले अठ्ठावीस हजार आणि काही व्याज. शीटमध्ये आता दर महिन्याला चार गोष्टी पहिल्यांदा भरतो: लोनचा हप्ता, आईचे पैसे आईच्या नावाने, चर्चचं दान आणि अडीअडचणीसाठी बाजूला काढलेली रक्कम. दान मी पूर्वी उरलं तर द्यायचो किंवा लाज वाटली म्हणून द्यायचो. आता ठरवून देतो, थोडं देतो, आणि ते आईला माहीत असतं.

३१ च्या रात्री आम्ही चर्चला गेलो. काका होते. मागच्याच बाकावर होते, सवय लगेच जात नाही. बारा वाजता सगळे उभे राहिले, प्रभूची प्रार्थना झाली. 'ऋण' शब्दाशी आल्यावर माझा आवाज जरा अडखळला. बाकी काही विशेष घडलं नाही. पण उपासना संपल्यावर काका चहाला थांबले. कप हातात घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि विचारलं, "तुमच्या तिकडे पाणी येतं का रे वेळेवर?"

हप्ते येतात. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला आईच्या फोनवर हजार रुपये. एका जूनमध्ये आले नाहीत. त्या महिन्यात काकांचा फोन आला, "वहिनी, ह्या वेळेला नाही जमत." आई म्हणाली, "बरं." मला विचाराल, तर सगळ्या हप्त्यांपेक्षा तो फोन मोठा होता. सात वर्षांपूर्वी असा एक फोन करता आला असता, तर एवढं काही झालंच नसतं. आणि आमच्याकडून 'बरं' येईल, अशी खात्री त्यांना तेव्हा वाटली नसेल, तर तो हिशोब आमच्याही नावावर निघतो.

डिलीट केलेली ओळ मी परत आणली आहे. तिच्यापुढे दोन नोंदी आहेत. एकीत लिहिलंय 'सोडले, २५,०००, समक्ष'. दुसरीत दर महिन्याला एक हजार कमी होतात. वर्ष संपायला आलं की मी लॅपटॉप उघडतो आणि आई लाल वही काढते. दोन्ही हिशोब जुळतात का, ते आम्ही बसून बघतो.